खिडकीपाशी की फुटाळ्यावर?

आई आणि दोन-तीन वर्षांचं लेकरू यांचे रोजचे फोटो काढायचे, तर नागपुरात दोन सोयीच्या जागा: घरातली खिडकी किंवा संध्याकाळचा फुटाळा तलाव.

फुटाळ्यावर उजेडाची चिंता नाही. सूर्य मावळण्याआधीच्या तासाभरात ऊन मऊ पडतं, १/५०० शटर (म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो) सहज मिळतो, पळणारं पोरही स्पष्ट येतं. पण गर्दी, गाड्या, खाण्याचे ठेले. आईचं अर्धं लक्ष पोराचा हात धरण्यातच. शिवाय बाहेर निघायचं म्हणून ती कपडे बदलते, केस नीट करते, अन् तिथेच 'रोजचं' संपतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तर दुपारी नावच नको.

घरात उजेड कमी, हे खरं. म्हणून जे चाललंय तेच खिडकीपाशी सरकवा: वरणभात भरवणं, वेणी घालणं, संत्रं सोलून फोडी देणं. ट्यूबलाइट बंद करा. दोन प्रकारचा उजेड मिसळला की चेहऱ्याचा रंग बिघडतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला चेहरा चालत नाही, म्हणून शटर १/२०० पेक्षा हळू नको. फोन असेल तर झूम न करता जवळ जा, बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) लावा. आणि जमिनीवर बसा. उभ्यानं काढलं की पोराची नुसती टाळू येते!

माझा कौल घरालाच. फुटाळा वाढदिवसाला ठीक.