इलस्ट्रेटरचं पॅटर्न टूल: बुट्टी सुरेख, शिवण मात्र दिसते

गर्द वांगी रंगाच्या चौकोनावर सोनेरी कोयरी. हीच टाइल, म्हणजे पुन्हा पुन्हा मांडायचा तुकडा, स्वॉचेसमधून (साठवलेल्या रंग-नक्ष्यांच्या पॅनेलमधून) मोठ्या आयतात भरली की पडद्यावर गणिताच्या वहीसारख्या बारीक पांढऱ्या चौकटी उमटतात. अ‍ॅडोबी इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न करणाऱ्यांना या केसाएवढ्या फटी नव्या नाहीत. २०१२ साली सीएस६ या आवृत्तीबरोबर स्वतंत्र पॅटर्न टूल आलं. त्याआधी टाइलच्या मागे बिनरंगाचा, बिनस्ट्रोकचा (कडेला रेघ नसलेला) आयत ठेवून कडा हातानेच जुळवाव्या लागत. टूल झकास आहे. पण या फटींच्या बाबतीत ते किती कामाला येतं, एवढंच इथे तपासलं आहे.

आधी फट खरी की भासणारी, ते ठरवा. ६४०० टक्के झूम करा. रेषा झूमबरोबर जाड होत गेली तर टाइल खरंच आखूड पडली आहे. कितीही जवळ गेलं तरी ती एकाच पिक्सेलची राहिली, किंवा मध्येच नाहीशी झाली, तर फट चित्रात नाही, दाखवण्यात आहे. दुसरी परीक्षा: प्रेफरन्सेसमध्ये ‘अँटी-अलायझ्ड आर्टवर्क’ची (कडेचे पिक्सेल अर्धवट रंगवून कडा गुळगुळीत दाखवण्याची) खूण काढा. रेषा गेल्या तर गुन्हेगार सापडला.

कारण साधं आहे. टाइलची कड पिक्सेलच्या बरोबर मध्यावर आली की पहिली टाइल तो पिक्सेल निम्मा रंगवते. शेजारची टाइलही निम्माच रंगवते, पण उरलेल्या निम्म्याचा निम्मा. हिशेब ७५ टक्के वांगी, २५ टक्के मागचा पांढरा. दोन अर्धे मिळून इथे एक होत नाही, पाऊणच होतो. म्हणून गडद रंगात रेषा डोळ्यात खुपतात आणि फिक्या बॅकग्राउंडवर कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

आता टूल. ऑब्जेक्ट, पॅटर्न, मेक असं गेलं की पॅटर्न ऑप्शन्सचं पॅनेल उघडतं आणि भोवती पाच बाय पाच नकला दिसायला लागतात. ग्रिड, विटांची आडवी-उभी रचना, षटकोन, सगळं एका यादीत. कापडवाले ज्याला हाफ ड्रॉप म्हणतात, म्हणजे दर पुढचा स्तंभ निम्म्या उंचीने खाली, तो ‘ब्रिक बाय कॉलम’मध्ये ऑफसेट १/२ ठेवून दोन क्लिकमध्ये होतो. नकला ७० टक्क्यांवर आणून फिक्या करून मूळ टाइल ओळखू येईल अशी सोय आहे, टाइलची कडही दाखवता येते. एवढं सगळं असूनही शिवण बुजवणारा एकही पर्याय या पॅनेलमध्ये नाही. वर ते एक चूक स्वतःच करून ठेवतं: टाइलचं माप निवडलेल्या चित्रावरून उचलतं. कोयरी ११७.३८४ पिक्सेल रुंद असेल तर टाइलही तेवढीच. मेक दाबल्यावर पहिलं काम म्हणून ‘साइझ टाइल टू आर्ट’ बंद आहे ना ते बघा आणि रुंदी-उंची हाताने पूर्णांकात लिहा. हाफ ड्रॉप असेल तर उंची समसंख्या हवी. १२५ ठेवली तर पुढचा स्तंभ ६२.५ पिक्सेल खाली सरकतो आणि पाव रंगाची गळती पुन्हा सुरू. १/३ ऑफसेटला उंची तीनने भागली जावी.

माप पूर्णांकात असूनही रेषा दिसत असतील तर रूलरचा शून्यबिंदू तपासा. इलस्ट्रेटर पॅटर्न भरतो तो तिथून मोजून, तुमच्या आयताच्या कोपऱ्यापासून नाही. कंट्रोल आणि आर दाबून रूलर आणा, दोन्ही रूलर मिळतात त्या कोपऱ्यावर डबल क्लिक करा, शून्य जागेवर येतं. आर्टबोर्डचे (कामाच्या पानाचे) एक्स-वाय दशांशात असतील तर तेही सरळ करा, नाहीतर एक्सपोर्टमध्ये कडेला एक जादा पिक्सेलची पट्टी येऊन बसते. पॅटर्न लहान करताना स्केल टूलच्या खिडकीत फक्त ‘ट्रान्सफॉर्म पॅटर्न्स’ ठेवा आणि टक्का हिशेबाने निवडा: १२० च्या टाइलला ४५ टक्के चालतो, ५४ येतात, ३३ टक्के म्हणजे ३९.६, नको. पॅटर्न ४५ अंशांत फिरवला तर कडा तिरक्या होतात आणि मग पूर्णांकाचं गणित उपयोगी पडत नाही. कोयरी तिरकी हवी असेल तर ती टाइलच्या आत फिरवा, टाइल नको.

सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र या पॅनेलच्या बाहेर आहे. स्वॉचवर डबल क्लिक करून टाइलमधला वांगी चौकोन काढून टाका, कोयरी तेवढी ठेवा. मग मोठा आयत निवडून अपिअरन्स पॅनेलमध्ये ‘अ‍ॅड न्यू फिल’ करा, म्हणजे एकाच आकारात रंगाचा आणखी एक थर. खालचा फिल सपाट वांगी, वरचा पॅटर्न. आता कडेतून जो २५ टक्के गळतो तो वांगीच, त्यामुळे दिसत नाही. वांगीची बाटली-हिरवी करायची तर खालचा एक फिल बदलायचा, पॅटर्न उघडावाच लागत नाही.

हा उपाय कोयरीच टाइलच्या कडेवर कापली जात असेल तिथे अपुरा पडतो. सोनेरी देठातून वांगी रेघ जाते, आणि ती पांढरीपेक्षा वाईट दिसते, कारण छपाईचा दोष वाटते. शक्य असेल तर नक्षी सरकवून टाइलची कड मोकळ्या जागेतून न्या. दाट वेलबुट्टीत ते जमत नाही. तिथे ऑब्जेक्ट, रिपीट, ग्रिड वापरा. २०२१ च्या आवृत्तीपासून आलेली ही सोय अख्खी नक्षी पुन्हा पुन्हा ठेवते, आतल्या कडांवर कापत नाही. कापते ती फक्त बाहेरच्या चौकटीवर. विटांची रचना तिथेही आहे. बॅकग्राउंड मागे एकच मोठा आयत. खरं तर हे पॅटर्न टूलमध्येच असायला हवं होतं. प्लॉटरवर (पात्याच्या मशीनवर) व्हिनाइल कापणाऱ्यांनी पॅटर्न एक्सपांड करून, म्हणजे सुटे आकार करून, पाथफाइंडरमधल्या मर्जने एकाच रंगाचे चिकटलेले तुकडे जोडून घ्यावेत, नाहीतर पातं प्रत्येक शिवणीवरून फिरेल.

एक्सपोर्टमध्ये खरा घोळ मिलिमीटरचा. २० मिमीची टाइल ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २३६.२२ पिक्सेल होते, म्हणजे रेषा ठरलेल्याच. पॉइंटमध्ये काम करत असाल तर टाइल १२ च्या पटीत ठेवा. ७२, ९६, १२०, १४४ या मापांचे १५० आणि ३०० दोन्ही पीपीआयला पूर्ण पिक्सेल होतात. मिलिमीटर सुटत नसतील तर रिझोल्यूशनमध्ये ‘अदर’ निवडून २५४ लिहा: एक मिमी म्हणजे बरोबर १० पिक्सेल. रोटरी स्क्रीनचा (कापड छापणाऱ्या फिरत्या दंडगोलाचा) ६४० मिमीचा रिपीट, म्हणजे नक्षीची एक पूर्ण आवृत्ती, बरोबर ६४०० पिक्सेलचा होतो. अँटी-अलायझिंग ‘नन’ करून चौपट मापात एक्सपोर्ट आणि मग फोटोशॉपमध्ये २५ टक्के, हाही मार्ग चालतो, पण अशा मोठ्या कामात २५,६०० पिक्सेलची फाइल उघडत बसावं लागतं.

कापडाच्या छपाईला मुळात एकच रिपीट पुरतो. स्वॉच पॅनेलमधून आर्टबोर्डवर ओढा. सगळ्यात मागे तो बिनरंगाचा आयत मिळेल. आर्टबोर्ड नेमका त्या आयताएवढा करा, डावा-वरचा कोपरा शून्यावर आणा आणि टिफ काढा. पॅटर्न फिलच नसल्याने आतल्या शिवणीचा प्रश्न येत नाही. फोटोशॉपमध्ये फिल्टर, अदर, ऑफसेट. आडवं रिपीटच्या रुंदीचं निम्मं, उभं उंचीचं निम्मं (६४०० असेल तर ३२००), खाली ‘रॅप अराउंड’. कडा मधोमध येतात. तिथे अधिक चिन्हासारखी रेघ दिसली तर छापायला पाठवू नका.

पीडीएफ देणाऱ्यांनी घाबरण्याआधी अ‍ॅक्रोबॅटच्या पेज डिस्प्लेमध्ये ‘स्मूद लाइन आर्ट’ बंद करून पाहावं. रेषा गेल्या तर त्या पडद्यापुरत्याच होत्या आणि बहुधा छापात येणार नाहीत. फ्लेक्सवाल्याला जेपीजी दिली असेल तर मात्र रेषा पिक्सेलमध्ये भाजल्या गेल्या आहेत, त्या बॅनरवर हमखास उतरतात.

इलस्ट्रेटरची वर्गणी भरायची नसेल तर इंकस्केप फुकट आहे. त्याच्या पॅटर्न फिललाही हाच रोग आहे, पण ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’मध्ये पी१ (नुसतं सरकवून मांडणं) निवडून अख्ख्या कोयऱ्या मांडल्या आणि मागे एक आयत टाकला की सुटका होते. फक्त प्रेफरन्सेसमध्ये बाउंडिंग बॉक्स (आकाराची बाहेरची चौकट) ‘जॉमेट्रिक’ ठेवा. ‘व्हिज्युअल’ असला तर स्ट्रोकची जाडीही मापात धरली जाते आणि टाइलचं अंतर बिघडतं. पॅनेल इलस्ट्रेटरइतकं देखणं नाही, टॅबचा पसाराच जास्त आहे. इलस्ट्रेटरच्या टूलला रचनेसाठी पाचापैकी साडेचार, एक्सपोर्टसाठी दोन. हे दोनही अपिअरन्स पॅनेलची कृपा.