नऊ पिनांचं सॉकेट आणि 'सेगा'चा खोटा पॅड

जुने टीव्ही गेम दुरुस्त करून चालू ठेवणारे नाशकात फार नाहीत, आणि सुटे भाग मिळेनासे झालेत. याच अडचणीवर पैसे कमावणारा एक विक्रेता सध्या शहरात फिरतोय. त्याने माझे २,८०० रुपये बुडवले. तुमचे बुडू नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

मला सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या टीव्ही गेमचा पॅड, म्हणजे हातात धरून खेळायचा बटणांचा कंट्रोलर, हवा होता. जाहिरातीतले फोटो अस्सल पॅडचे होते, अगदी आतल्या सर्किटसकट. पैसे त्याने आधी यूपीआयने घेतले. वस्तू सीबीएस बसस्थानकावर दिली ती थर्माकोल आणि चिकटपट्टीत गुंडाळून. उघडू लागलो तर "धुळ्याची गाडी लागलीय, दादा" म्हणत निघूनही गेला.

घरी उघडलं. आकार मेगा ड्राइव्हच्या पॅडचा, वर सेगाचं स्टिकर, पण मधोमध स्टार्टशेजारी सिलेक्टचं बटण! फोन केला तर म्हणाला, "जपानी आवृत्ती आहे, तिला असतंच." साफ खोटं. मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये जपानमध्येच पहिल्यांदा विकायला आला आणि तिथल्याही पॅडला सिलेक्ट नाही. तीन बटणांच्या पॅडवर ए, बी, सी आणि स्टार्ट एवढंच असतं. पुढे सहा बटणांच्या पॅडवर एक्स, वाय, झेड आणि कडेला मोड आलं.

मग तो म्हणाला, "लावून तर बघा, नऊ पिन आहेत, बसणारच." सगळ्यात घातक वाक्य हेच. बसतं, हे खरं. अटारी (आणखी एक जुना टीव्ही गेम), मेगा ड्राइव्ह आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेले कॅसेटवाले एटबिट गेम, यांतल्या अनेकांचं सॉकेट दिसायला एकच. आतली जोडणी मात्र वेगळी. पाच व्होल्ट अटारीत पिन ७ वर, मेगा ड्राइव्हमध्ये पिन ५ वर, आणि एटबिटवाल्यांत तर ज्याची त्याची तऱ्हा. चुकीचा पॅड लावला तर कन्सोलचा पोर्ट जळू शकतो, आणि तो भाग आज कुठून आणायचा?

मी लावलं नाही, मागचे स्क्रू काढले. आत फक्त पाच वायरी आणि डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली दडवलेली चिप. मेगा ड्राइव्हच्या पॅडमध्ये नऊच्या नऊ वायरी वापरात असतात: चार दिशा, दोन बटणांच्या ओळी, सिलेक्ट सिग्नल (हे बटण नव्हे, कन्सोलकडून पॅडला येणारा इशारा), पाच व्होल्ट आणि ग्राउंड. एटबिट पॅड बटणांची माहिती एकामागून एक पाठवतो, म्हणून त्याला डेटा, क्लॉक, लॅच आणि वीजपुरवठ्याच्या दोन, एवढ्या पुरतात. म्हणजे दीडदोनशेचा पॅड स्टिकर लावून मला विकला होता. वाईट याचं वाटतं की तो पॅड स्वतःच्या नावाने विकला असता तरी जुने एटबिट गेम जपणाऱ्यांनी आनंदाने घेतला असता.

त्याने नंबर ब्लॉक केला. यूपीआयची नोंद आणि संभाषण जोडून मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे; पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्याबाबत असं झालं तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, कारण माझ्या फोननंतर त्याने ती तासाभरात काढून टाकली.

अटारीची जॉयस्टिक घेणार असाल तर मल्टिमीटर सोबत न्या आणि तो जोडणी तपासायच्या बीपवर ठेवा. तिच्यात चिप नाही, नुसते स्विच आहेत. काठी वर ढकलली की पिन १ आणि ८ जुळून बीप वाजला पाहिजे, फायर दाबलं की ६ आणि ८. देणारा तपासू देत नसेल तर पैसे देऊ नका, गाडी त्याची कुठलीही सुटत असो.

आता त्याच माणसाने, त्याच टेबलाच्या फोटोसह, दुसऱ्या नावाने 'निओ जिओची दुर्मीळ जॉयस्टिक' विकायला काढली आहे. पंधरा पिनांचा, दोन ओळींचा कनेक्टर दाखवलाय. निओ जिओ या जुन्या टीव्ही गेमचा तसाच असतो, पण जुन्या कॉम्प्युटरच्या गेम पोर्टचाही तसाच. फोटोत काठीच्या बुडाशी मध्यबिंदू जुळवायची दोन छोटी चाकं स्पष्ट दिसताहेत. ती कॉम्प्युटरच्या ॲनालॉग जॉयस्टिकलाच असतात. निओ जिओच्या काठीत साधे स्विच आहेत, तिथे त्या चाकांना कामच नाही. किंमत लावलीय ६,५०० रुपये.