फोंडा-पणजी बस: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये खांदा धरला आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितलं. बावीस वर्षं फोंडा-पणजी स्कूटरवरून केलेलं, त्यामुळे मला रडूच आलं. आता एप्रिल उजाडला. खांदा बरा झालाय, पण स्कूटर भाचीला देऊन टाकली आणि मी बसनेच जाते.

अंतर 30 किलोमीटरच्या आसपास. सकाळी तासभर धरायचा. फोंड्याला गाडी भरूनच निघते. फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं उतरली की बसायला मिळतं, तोवर दांडीला धरून उभं राहायचं. या उभं राहण्यातच मला ड्रायव्हर कळायला लागले. गाडी कोण चालवतोय ते पायांना समजतं. आमच्या सकाळच्या गाडीवरचे ड्रायव्हर गतिरोधक दिसला की लांबूनच वेग सोडतात, गिअर उतरवतात आणि ब्रेकला शेवटी नुसता पाय लावतात. उभ्या माणसांना धक्का म्हणून लागत नाही. एकदा कुंडईजवळ अचानक कुत्रं आडवं आलं, तेव्हाही त्यांनी आधी आरशात मागे पाहिलं, मग ब्रेक दाबला. स्कूटरवर असताना बस म्हणजे माझ्यापुढचा अडथळा, एवढंच मला माहीत होतं.

पावसात म्हार्दोळला एक म्हातारी जायांच्या फात्यांची, म्हणजे जाईच्या गजऱ्यांची, टोपली घेऊन चढायची. टोपली आधी वर, मग ती. तिचे दोन्ही पाय पायरीवर टेकून हात दांडीला लागेपर्यंत ड्रायव्हर क्लचवरचा पाय काढायचे नाहीत. मागून हॉर्न वाजत राहायचे. उतरताना पुढून आवाज यायचा, ‘सावकास देंव गे माये’, म्हणजे सावकाश उतर गं आई. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी तर अर्धी गाडी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या, सामानाने भरली होती. सुपारीचे घड, नारळ, केळी, कुणाची तरी तोरिंगं (मोठी लिंबासारखी फळं) पायांत घरंगळत होती. तरी कुणाला चढू दिलं नाही असं झालं नाही. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या, गर्दीतून गाडी माणसाच्या चालीने निघाली. पाऊण तास त्या माणसाने एकदाही चिडून हॉर्न मारला नाही.

तक्रारी आहेत. 1980 साली कदंब महामंडळ, म्हणजे गोव्याचं सरकारी एसटी महामंडळ, स्थापन झालं, तरी आजही पुष्कळ मार्गांवर भार खाजगी गाड्यांवरच आहे. त्यांची कमाई प्रवाशांवर, म्हणून स्टँडवर रेंगाळायचं आणि मग मागची गाडी गाठेल म्हणून सुसाट सुटायचं. दोष ड्रायव्हरला देऊन भागत नाही, त्याच्या डोक्यावर मिनिटं बसलेली असतात. संध्याकाळी उशीर झाला की खरी पंचाईत. ऑगस्टमध्ये एकदा शेवटची गाडी आलीच नाही, कुणी सांगितलंही नाही. भर पावसात भावाला फोंड्याहून बोलवावं लागलं. रात्रीपाळीच्या बायकांनी काय करायचं, हा प्रश्न मला अजून छळतो. पणजीत स्टँडपासून ऑफिसपर्यंत ओरेंच्या खाडीवरून मी चालत जाते, तेवढा व्यायाम होतो.

मार्चमध्ये तापाने तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी चढले तर ड्रायव्हर आरशातूनच म्हणाले, ‘दिसूंक ना तूं?’ मी ताप म्हटलं. त्यांनी हात करून इंजिनाशेजारच्या सीटवरची आपली डब्याची पिशवी उचलली आणि मला तिथे बसवलं. फर्मागुढीपर्यंतही उभं राहावं लागलं नाही.

नव्याने बसने जाणार असाल तर सुट्टे पैसे जवळ ठेवा. रायबंदरवरून जाणारी गाडी मिळाली तर तीच घ्या, दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. पणजीकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा. 1630च्या दशकात पोर्तुगिजांनी बांधलेल्या अरुंद बांधावरून गाडी जाते आणि पणजीच्या स्टँडजवळचं पाटो येईपर्यंत मांडवी नदी सोबत असते.