चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, राजारामपुरी, कोल्हापूर

अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांनी आपले राहते घर चित्रांसह शासनाला दिले, त्याचेच हे संग्रहालय. दृश्यकला आणि प्रयोगकला यांतला फरक मला इथे जितका स्वच्छ कळला तितका पुस्तकांतून कळला नव्हता. अभिनय काळात घडतो. त्याची गती नट ठरवतो आणि प्रेक्षकाला त्याच्या मागून जावे लागते. पावडर शेडिंगच्या निसर्गचित्रापुढे मात्र किती थांबायचे हे आपल्या हाती असते. कोरड्या रंगपुडीतून उतरलेला तो मऊ, धूसर उजेड मी जवळ जाऊन, मग चार पावले मागे सरून पुन्हा पाहिला. मुलांना घेऊन, सवड काढूनच जावे.