पोर्टल फ्रेम उभारणी: कॉलम आधी, की अख्खी फ्रेम एकदम?

लोखंडी शेडची फ्रेम, म्हणजे दोन कॉलम (खांब) आणि त्यांना जोडणारा राफ्टर (छताची उतरती तुळई), दोन प्रकारे उभी करतात. एकात कॉलम अँकर बोल्टवर (पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट) उभे करून राफ्टर नंतर चढवतात. दुसऱ्यात सगळं जमिनीवर जोडून अख्खी फ्रेम उचलतात.

अख्खी फ्रेम उचलली की उंचीवरचं काम बरंच वाचतं, बोल्टही जमिनीवरच नीट आवळता येतात. पण आडवी फ्रेम उभी होताना आपल्या नाजूक दिशेने वाकते. स्लिंगची (उचलायच्या दोराची) जागा चुकली तर राफ्टर पीळ खातो. हवेत दोन पायांमधलं अंतरही बदलतं, मग बेस प्लेट (कॉलमच्या तळाची प्लेट) बोल्टवर बसेना की माणसं हात घालतात आणि बोटं चिरडतात. दोन्ही पाय एकमेकांना तात्पुरत्या टायने बांधा आणि फ्रेम टॅगलाइनने (फ्रेमला बांधलेल्या ओढदोराने) वळवा, हाताने नाही. लहान, हलकी फ्रेम आणि भरपूर मोकळी जागा असेल तरच हा मार्ग घ्यावा.

मोठ्या गाळ्याला (दोन कॉलममधलं अंतर जास्त असेल तर) आमची पसंती कॉलम आधी. इथे धोका एकट्या उभ्या कॉलमचा. त्याला किमान ४ अँकर बोल्ट हवेत, काँक्रीट पुरेसं पक्कं हवं आणि क्रेनचा हुक सोडण्याआधी गाय रोप (जमिनीला बांधलेले आधाराचे दोर) ताणलेले हवेत. राफ्टरचे दोन भाग मोभाला जमिनीवरच जोडून एकसंध चढवा, म्हणजे वर फक्त दोन सांधे उरतात. ते बूम लिफ्टमधून (माणसाला वर नेणाऱ्या यांत्रिक पाळण्यातून) करा. दोन दोरांच्या स्लिंगचा कोन आडव्याशी ६०° असेल तर प्रत्येक दोरावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो; ३०° वर पूर्ण वजनाइतका. क्रेन सोडण्याबाबत अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेचा नियम चांगला आहे: निम्मे बोल्ट, किंवा उत्पादकाने जास्त सांगितले असतील तर तितके, वेबच्या (तुळईच्या मधल्या उभ्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंना, फ्लँजलगत (कडेच्या रुंद पट्ट्यांजवळ) आवळलेले हवेत.

पद्धत कोणतीही घ्या, सुरुवात ब्रेसिंग (तिरके आधार) असलेल्या बेपासूनच (बे म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममधला भाग). पहिली फ्रेम दोन्ही बाजूंनी गाय रोपने धरा. दुसरी उभी झाली की पर्लिन (छताच्या आडव्या पट्ट्या), गर्ट (भिंतीच्या आडव्या पट्ट्या), फ्लँज ब्रेस (फ्लँजला पर्लिन-गर्टशी धरणारे तिरके तुकडे) आणि रॉड ब्रेसिंग (तिरक्या सळया) लावून ओळंबा साधा, मगच तिसरीला हात घाला. उभारणीत अनेक शेड इथेच पडतात: ब्रेसिंग ‘नंतर लावू’ म्हणून राहतं आणि वाऱ्यात फ्रेम एकामागून एक झोपतात. राफ्टरच्या खालच्या फ्लँजला आधार मिळेपर्यंत पत्र्याचे गठ्ठे वर चढवू नका.