जॅझ बेसचे पिकअप बदलताना: सिंगल कॉइल, हम-कॅन्सलिंग की ईएमजी?

बजेटमधल्या जॅझ बेसची (दोन पिकअपची बेस गिटार) नेक, म्हणजे मान, हाताला बसली असेल, तर नवा बेस घेण्याआधी पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चुंबक-वेटोळी, बदलून बघावेत. मी तीन प्रकार वाजवलेत: सेमूर डंकनचे एसजेबी-1 हे साधे सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे), डिमार्झिओचे हम-कॅन्सलिंग मॉडेल जे आणि ईएमजीचे अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे.

नुसत्या आवाजावर निवडायचं असेल तर सिंगल कॉइलच घ्या. ब्रिजकडच्या (तारा बांधलेल्या टोकाकडच्या) पिकअपचा तो नाकातून बोलल्यासारखा मिड, म्हणजे मधल्या पट्टीतला आवाज, जो 1960 पासून जॅझ बेसची ओळख आहे, त्यांच्यातच पुरता सापडतो. तारेवर बोट घासलं तरी ऐकू येतं.

अडतं ते हमिंगपाशी, म्हणजे विजेच्या सततच्या घुमण्यापाशी. दोन पिकअपची वाइंडिंग आणि चुंबकं एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की हमिंग मिटतं. एक जरा खाली आणला की ते परत आलंच. मी तर सतत खालीवर करतो; संथ गाण्याला नेक (मानेकडचा) पिकअप, ठेक्याच्या गाण्याला ब्रिजचा. वर्धा रोडकडच्या लॉनवर लग्नाचा ऑर्केस्ट्रा असला की जनरेटर, लाइटवाल्याचे डिमर आणि एलईडी वॉल सगळं स्टेजला खेटून, अर्थिंग देवाच्या भरवशावर. घरी सरावाला बसावं, तर नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद कोण करणार? त्याची मोटर थेट पिकअपमध्ये बोलते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हमिंग 50 वर आणि 100 वर. ई तारेचा तिसरा फ्रेट 49 हर्ट्झ, मोकळी जी तार 98; दोन्ही जी सूरच. गाणं जी स्केलमध्ये असलं आणि शेवटचा सूर लांबवला, की सूर आणि हमिंग एकमेकांवर हेलकावे घेतात. मला ते सहन होत नाही. आतून तांब्याची टेप लावली की चरचर कमी होते, पण मोटर-ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय हमिंग टेप अडवत नाही.

ईएमजी तिघांत सगळ्यात शांत. लांब केबलचाही त्यांना त्रास नाही. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) किंवा मेटल वाजवणाऱ्यांनी ते जरूर ऐकावेत. पण 9 व्होल्टची बॅटरी आली, 250 के काढून 25 के पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे रेझिस्टर) आले, आणि जॅझ बेसच्या अरुंद पोकळीत बॅटरी बसवणं म्हणजे कसरत. माझ्या कानाला आवाजही थोडा इस्त्री केलेला वाटतो.

मॉडेल जे मध्ये प्रत्येक पिकअप आपलं हमिंग आपणच मिटवतो, व्हॉल्यूम कुठेही ठेवा. बॅटरी नाही, जुनेच पॉट चालतात. वरचा टोकदारपणा किंचित कमी आहे, हे मान्य. मिड जाड आहे, पण कीबोर्ड आणि ढोलकीच्या गर्दीत बेस ऐकू येतो तो त्याच्यामुळेच. माझ्या बेसवर आज हेच आहेत.

तुमचं काम मुख्यतः स्टुडिओत, चांगल्या अर्थिंगवर होत असेल, तर सिंगल कॉइल घ्यायला माझी काहीच हरकत नाही. लॉन आणि गणपतीच्या मांडवात वाजवणाऱ्याला मात्र मी मॉडेल जे कडेच वळवेन.

ऑर्डर देण्याआधी दोन्ही कव्हरची लांबी मोजा. नेहमीच्या जॅझ बेसवर नेक पिकअप साधारण 92 मिलिमीटर आणि ब्रिज 95 असतो, पण काही स्वस्त बेसवर दोन्ही एकाच मापाचे असतात, आणि मग सेटमधला एक पिकअप खाचेत बसत नाही.