एडलब्रॉक परफॉर्मर आरपीएम: बोटीच्या ३५० इंजिनावर कसा चालतो, काय बदलावं लागतं

३५० घनइंची शेवरोले स्मॉल ब्लॉक, स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, प्रॉपेलरचा गिअर मागे बाहेर) आणि नाशिकच्या गंगापूर धरणासारखं गोडं पाणी असा मेळ असेल, तर एडलब्रॉकचा परफॉर्मर आरपीएम घ्यावा. हा ड्युअल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल सिलिंडरांकडे नेणारा, वाटा दोन मजल्यांत विभागलेला भाग. त्याच कंपनीचा, सगळ्या वाटा एकाच पोकळीतून निघणारा सिंगल प्लेन व्हिक्टर ज्युनियर दिसायला रुबाबदार असला तरी बोटीवर तो वाया जातो. त्याचा खरा पल्ला ३५०० ते ८००० आरपीएम (मिनिटाला फेरे), आणि स्टर्नड्राइव्हचा प्रॉपेलर इंजिनाला जेमतेम ५००० पर्यंत जाऊ देतो. बोट पाण्यावर उचलली जाते ती २५०० ते ४००० मध्ये. परफॉर्मर आरपीएम १५०० ते ६५०० साठी आहे, म्हणजे नेमका जोर लागतो तिथे तो भरलेला असतो. जेट बोटीचा हिशेब वेगळा. तिथे कमी आरपीएमला इंपेलरचा भार फारसा नसतो, म्हणून सिंगल प्लेन खपून जातो.

ऑर्डर देताना सगळ्यात जास्त घोळ नंबरात होतो. परफॉर्मर आरपीएमचा ७१०१ हा १९८६ पर्यंतच्या बारा बोल्टच्या सिलिंडर हेडसाठी. १९८७ ते १९९५ च्या लोखंडी हेडवर मधल्या चार बोल्टचा कोन बदललेला आहे, तिथे ७१०१ सरळ बसत नाही. शेवरोलेच्याच नंतरच्या व्होर्टेक हेडला आठच बोल्ट, त्यासाठी ७११६. बाहेरून मागवलेला माल परत पाठवणं परवडत नाही, तेव्हा आधी हेडवरचा कास्टिंग नंबर वाचा.

मॅनिफोल्ड मुळात गाडीसाठीचा, त्यामुळे कार्ब्युरेटर गाडीचाच लावायचा मोह होतो. तो टाळा. मरीन कार्ब्युरेटरच्या व्हेंट नळ्या वाकवलेल्या असतात, जास्तीचं पेट्रोल बाहेर न सांडता घशात परत पडतं. वर एअर फिल्टरऐवजी फ्लेम अरेस्टरच (ज्वाळा अडवणारी जाळी) हवा. बंद इंजिनपेटीत पेट्रोलची वाफ साठलेली असताना बॅकफायर झाला तर स्फोट होतो, यात तडजोड नाही. मोठ्या कार्ब्युरेटरचीही गरज नाही. ३५० गुणिले ५०००, भागिले ३४५६ (हिशेबाचा ठराविक आकडा) म्हणजे सुमारे ५०६ सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा. इंजिन प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही, म्हणून त्याच्या ८५ टक्के धरले तर ४३०. ६०० चा कार्ब्युरेटर भरपूर झाला. ७५० लावून बोट उचलताना अडखळते आणि दोष मॅनिफोल्डला दिला जातो.

परफॉर्मर आरपीएम मूळ मॅनिफोल्डपेक्षा उंच आहे. फ्लेम अरेस्टरच्या माथ्यावर शाडूचा गोळा ठेवून इंजिनपेटीचं झाकण लावून पाहा, किमान २५ मिमी मोकळी जागा उरली पाहिजे. बोट पाण्यात असताना कार्ब्युरेटर बसतो त्या सपाट फ्लॅन्जवर स्पिरिट लेव्हलही ठेवा. गाडीत इंजिन मागे झुकलेलं असतं म्हणून फ्लॅन्जला उतार दिलेला असतो. बोटीत तोच उतार कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी बिघडवतो. फरक जास्त असेल तर पाचरीसारखा स्पेसर करून घ्यावा.

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक भागातल्या कोणत्याही चांगल्या व्हीएमसीवाल्याला (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) असा स्पेसर अवघड नाही. पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटांची तोंडं, कोरणं मात्र त्याच्याकडे सोपवू नका, ते हाताने करायचं काम आहे. फेल-प्रो १२०५ गॅस्केट म्हणजे १.२८ बाय २.०९ इंच. हेडचा पोर्ट आधी मोजल्याशिवाय गॅस्केटच्या मापाने मॅनिफोल्ड कोरू नका. मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा किंचित लहान चालतं, मोठं झालं की हवा हेडच्या कडेवर आदळते. २० ते २५ मिमी आत उतरता कोर द्या, बर (कोरायचं फिरतं कटर) अॅल्युमिनियमसाठीचाच वापरा आणि रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावत राहा, नाहीतर दात भरून जातात. शेवट ६० ते ८० ग्रिटवर. आरशासारखं बफिंग करून पैसे फुकट जातात, थोड्या खडबडीत भिंतीवर पेट्रोलचा थर कमी चिकटतो. कार्ब्युरेटरखाली दोन मजले वेगळे ठेवणारी मधली दुभागणी १२ मिमीने कापली तर वरच्या टोकाला थोडा फायदा, पण आयडल बिघडतो. स्टर्नड्राइव्हला ती अखंडच बरी.

मॅनिफोल्डमधून जाणारी एक्झॉस्टची गरम वाट स्टेनलेसच्या पातळ पत्र्याने बंद करा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बंद पेटीत पेट्रोल आधीच उकळायच्या बेतात असतं. मग त्या उष्णतेवर चालणारा चोक उपयोगाचा नाही, इलेक्ट्रिकच लागतो.

गळती हा या मॅनिफोल्डचा खरा कस. पाण्याच्या भोकांभोवती मरीन गॅस्केट घ्या. गाडीच्या गॅस्केटचा लोखंडी गाभा गंजतो, पाणी तेलात उतरतं आणि तेल पांढुरकं होतं. ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या भिंतीसाठी गॅस्केटसोबत आलेली रबरी पट्टी फेकून द्या आणि ६ मिमी जाड आरटीव्हीची (सिलिकॉन सीलंट) सलग रेघ ओढा. मागची भिंत दिसत नाही, तिथे तेल पाझरलं की बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) जातं आणि पंप ते धरणात फेकतो. शहर तेच पाणी पितं, हे विसरू नये. व्हॅलीत, म्हणजे मॅनिफोल्डखालच्या तेलाच्या पोकळीत उघडणाऱ्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा. बारा बोल्टचा मॅनिफोल्ड मधून बाहेर, तीन टप्प्यांत ३४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. व्होर्टेकला फक्त १५, जास्त ताणलं तर आटे जातात.

कार्ब्युरेटरच्या जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बाबतीत ६०० मीटर उंचीसाठी एक नंबर कमी करा असं कार्ब्युरेटर बनवणारी होली कंपनी सांगते. पण आता पंपावर मिळणाऱ्या ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) शुद्ध पेट्रोलच्या मानाने सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. दोन्ही हिशेब धरले तर जेट मूळपेक्षा दोन-तीन नंबर वर जातात. स्पार्क प्लग पांढरे दिसले तर आणखी एक वाढवा आणि तोवर पूर्ण थ्रॉटल देऊ नका. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड करून बोल्ट पुन्हा तपासा.